पाकिटावरचे नाव, पाकिटातली गोळी

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गर्भनिरोधक गोळी आणि मेडिकलमधून पैसे मोजून आणलेली गोळी, या दोहोंत फरक काय? हा प्रश्न नागपुरात मोमिनपुऱ्यापासून जाफरनगरपर्यंत आणि ताजबागपासून पार कामठीपर्यंत विचारला जातो. तो जावेला विचारतात, शेजारच्या आपाला विचारतात, आशाताई दारावर आली तर दबक्या आवाजात तिलाही विचारतात. डॉक्टरला मात्र विचारत नाहीत. डॉक्टरसमोर बसताना सोबत सासू किंवा शौहर असतो, बाहेर रांग असते, आणि विषयच असा की बोलणे दोन वाक्यांत आटोपते. मग उत्तर मिळते ते ऐकीव: फुकटाची गोळी हलकी, महागाची गोळी भारी.

या ऐकीव उत्तराची किंमत बाईलाच मोजावी लागते. कोणी माला-एन सोडून महागडे पाकीट सुरू करते, दोन-तीन महिन्यांनी घरखर्चाची ओढाताण झाली की तेही बंद होते आणि पुढच्या महिन्यात पाळी चुकते. कोणी ‘सरकारी गोळीने पिशवी खराब होते’ असे ऐकून काहीच घेत नाही आणि धाकटे मूल दूध पीत असतानाच पुन्हा दिवस राहतात. म्हणून या वेळी आम्ही हा विषय थोडा मोकळेपणाने घेतला आहे. संततिनियमन केव्हा जायज आणि केव्हा नाही, ही चर्चा आम्ही उलेमांवर सोडतो. पती-पत्नीने आपसांत मशविरा करून दोन मुलांत अंतर ठेवायचे ठरवले आहे, अशा घरांसाठी हा लेख आहे.

तीन पाकिटे शेजारी-शेजारी

माला-एन, माला-डी आणि ओव्हरल-एल ही तीन पाकिटे घ्या आणि मोठ्या अक्षरांतले नाव सोडून खालचा बारीक मजकूर वाचा. चष्मा लागेल, पण वाचा. तिन्हींवर तेच दोन घटक आहेत: लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. पहिला घटक प्रोजेस्टेरॉनसारखे काम करतो, दुसरा इस्ट्रोजेनसारखे. दोन्ही संप्रेरके एकत्र म्हणून हिला संयुक्त गोळी म्हणतात. बीजकोशातून बीज बाहेर पडूच न देणे आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करणे, हे तिचे काम. ती आधीच राहिलेला गर्भ पाडत नाही.

माला-एन आशाताईंकडे, उपकेंद्रात, मनपाच्या आरोग्य केंद्रात मिळते. तिच्यावर किंमत नसते. माला-डी नाममात्र दरात दुकानांतून विकली जाते. ओव्हरल-एल हा बड्या कंपनीचा ब्रँड आहे. तिघींचे काम एक, मात्रा एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हीच मात्रा आहे, आपल्या देशाच्या राष्ट्रीय यादीतही हीच आहे. म्हणजे सरकारने गरिबांसाठी काही वेगळी, हलकी गोळी काढली, असे झालेले नाही.

मग सरकारी गोळी येते कुठून? मोठ्या पुरवठादारांपैकी एक आहे एचएलएल, म्हणजे पूर्वीची हिंदुस्तान लॅटेक्स. १९६६ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची कंपनी, मुख्यालय तिरुवनंतपुरमला. पण तिचा गोळ्यांचा कारखाना आपल्या सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यातल्या कणगला गावी आहे. निपाणी-संकेश्वरच्या वाटेवरचे हे गाव मराठी माणसाला अनोळखी नाही. कारखाना तपासणारे कायदे आणि गोळीची मानके हीच, जी खासगी कंपनीला लागू असतात.

आता ‘ब्रँड’ आणि ‘जेनेरिक’ या शब्दांचे थोडे. एखादी कंपनी नवे औषध शोधते, तेव्हा काही वर्षे ते विकण्याचा हक्क तिच्याकडेच राहतो. ती मुदत संपली की बाकीच्या कंपन्याही तेच औषध बनवू शकतात. त्याला जेनेरिक म्हणतात. नॉर्जेस्ट्रेल हे औषध १९६० च्या दशकात वाइथ या अमेरिकन कंपनीत तयार झाले, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हा त्याचाच काम करणारा अर्धा भाग. त्याच्या पेटंटची मुदत संपून जमाना झाला. आज नागपूरच्या मेडिकलमध्ये ज्याला आपण ‘ब्रँडेड’ म्हणतो त्यातली बहुतेक पाकिटे प्रत्यक्षात जेनेरिकच असतात. कंपनीने त्यावर आपले नाव चढवलेले असते, इतकेच. याला व्यापारात ‘ब्रँडेड जेनेरिक’ म्हणतात. आपण नावाचे, जाहिरातीचे आणि डॉक्टरकडे जाणाऱ्या प्रतिनिधीच्या पगाराचे पैसे देतो.

नाव किती फसवे असते त्याचा नमुना ओव्हरलमध्येच आहे. ओव्हरल-एल आणि ओव्हरल-जी ही दोन्ही नावे सख्ख्या बहिणींसारखी. पण ओव्हरल-जीमध्ये नॉर्जेस्ट्रेल ०.५ आणि इथिनिल एस्ट्राडिओल ०.०५ मिलिग्रॅम असते, म्हणजे इस्ट्रोजेन दीडपटीहून जास्त. ती डॉक्टर वेगळ्या कारणासाठी, बहुधा पाळीच्या तक्रारींवर देतात. शौहर दुकानात जाऊन नुसते ‘ओव्हरल द्या’ म्हणाला आणि दुकानदाराने हाताला लागले ते कागदात गुंडाळून दिले, तर घरी वेगळीच गोळी येते. आपल्याकडे हे पाकीट बहुतेकदा पुरुषच आणतो, लाजत आणतो आणि उघडून पाहत नाही. एक अक्षर बदलले की औषध बदलते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

महाग म्हणजे नवे, नवे म्हणजे चांगले?

मेडिकलच्या फळीवर याहून महाग पाकिटेही असतात. नोव्हेलॉन आणि फेमिलॉनमध्ये डेसोजेस्ट्रेल आहे, यास्मिन आणि क्रिसांटामध्ये ड्रॉस्पिरेनॉन. यांतल्या काहींच्या एका महिन्याच्या पाकिटाला काहीशे रुपये मोजावे लागतात. ही मात्र माला-एनची महाग आवृत्ती नव्हे. यांतले प्रोजेस्टेरॉनसारखे औषधच वेगळे आहे. कोणाला यांनी मुरुमे कमी होतात, कोणाला अंगावर सूज कमी येते, फेमिलॉनसारख्या काहींत इस्ट्रोजेनही कमी असते. डॉक्टर विचार करून देत असतील तर ठीकच.

पण गर्भ रोखण्याच्या कामात त्या माला-एनहून वरचढ नाहीत. एका बाबतीत तर जुनी गोळीच उजवी आहे, आणि ही गोष्ट आमच्या मते प्रत्येक घरात माहीत असायला हवी. संयुक्त गोळीने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून जे आकडे दिले ते असे: गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षभरात अशी गाठ साधारण २ जणींना होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनॉनची गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. धोका तिन्हीकडे कमीच आहे, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर तो या सगळ्यांपेक्षा जास्त असतो. तरीही स्वस्त, जुनी, ‘हलकी’ म्हणून हिणवली जाणारी गोळी या हिशेबात सर्वांत सुरक्षित निघते.

जाता जाता एक गोष्ट आईंसाठी. पीसीओडी किंवा मुरुमांसाठी डॉक्टर कधी कधी लग्न न झालेल्या मुलीला डायन-३५, क्रिमसन-३५ किंवा जिनेट-३५ लिहून देतात. घरी कोणी गूगलवर नाव टाकते, ‘गर्भनिरोधक’ असे दिसते आणि घरात आकांत होतो. या तिन्ही एकाच सूत्राच्या गोळ्या आहेत. सायप्रोटेरॉन २ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिओल ०.०३५ मिलिग्रॅम. मुलीवर शंका घेण्याचे काही कारण नाही, ते उपचाराचे औषध आहे. गाठीचा प्रश्न मात्र इथेही आहे. फ्रान्सने २०१३ मध्ये याच कारणाने डायन-३५ ची विक्री थांबवली होती, पुढे युरोपच्या फेरतपासणीनंतर मर्यादित कारणांसाठी ती परत आली. म्हणून डॉक्टरला इतकेच विचारायचे, ‘ही किती महिने द्यायची आहे?’

कळमेश्वरची भीती

नागपूरच्या माणसाला सरकारी गोळीवर विश्वास ठेवा म्हणताना आम्हालाही एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून अन्न व औषध प्रशासनाने सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा नमुना उचलला होता. त्यात औषधच नव्हते, हे २०२३ मध्ये समोर आले. पाकिटावर ज्या कंपनीचे नाव होते ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार या गोळ्या हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या आणि त्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च भरलेले होते. त्या महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्या राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत पोहोचल्या. हे वाचल्यावर एखाद्या बहिणीने ‘मग माझ्या माला-एनमध्ये पावडर नाही कशावरून?’ असे विचारले, तर तिला अडाणी म्हणता येणार नाही.

त्या प्रकरणात गर्भनिरोधक गोळ्या नव्हत्या, हे आधी स्पष्ट करू. दुसरे, ते औषध बनावट होते. जेनेरिक आणि बनावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेनेरिक म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यात, ठरलेल्या मानकाप्रमाणे बनलेले, फक्त मोठे नाव नसलेले औषध. बनावट म्हणजे चोरी. आणि बनावट करणारा फक्त सरकारी पुरवठ्यावरच नजर ठेवून असतो असे नाही. महाग, खपाऊ ब्रँडची नक्कल करण्यात त्याला जास्तच नफा असतो.

मोठ्या नावानेही धोका दिल्याची दोन उदाहरणे नेमकी या गोळीचीच आहेत. ब्राझीलमध्ये १९९८ साली शेरिंग या जर्मन कंपनीच्या मायक्रोव्हलार गोळीच्या पाकिटांत औषध नसलेल्या गोळ्या निघाल्या. पॅकिंगचे यंत्र तपासण्यासाठी बनवलेली ती रिकामी पाकिटे बाजारात पोहोचली आणि भरवशावर राहिलेल्या स्त्रियांना दिवस राहिले. मायक्रोव्हलारचे सूत्र कोणते? लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५, इथिनिल एस्ट्राडिओल ०.०३. आपल्या माला-एनचेच. दुसरे उदाहरण अमेरिकेचे. २०१२ च्या सुरुवातीला फायझरने सुमारे दहा लाख पाकिटे परत मागवली, कारण काहींत औषधाच्या आणि बिनऔषधाच्या गोळ्यांचा क्रम चुकला होता. त्यांत लो-ओव्हरल हा ब्रँडही होता आणि त्याच सूत्राची जेनेरिक गोळीही. दोन्ही एकाच कंपनीने बनवलेल्या. चूक दोन्हींत सारखीच झाली.

आम्ही हे ब्रँडला बदनाम करायला सांगत नाही. या गोळीत औषध किती थोडे असते ते लक्षात घ्या. एका गोळीत इथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम औषधात तेहतीस हजारांहून जास्त गोळ्या होतात. पोळ्यांच्या एका परातभर कणकेत चिमूटभर मीठ असे मळायचे की प्रत्येक पोळीत सारखे उतरावे, तसे हे काम. म्हणून कारखान्याची शिस्त महत्त्वाची. ती नावाच्या छापाने येत नाही, तपासणीने येते.

तपासणीचा हा भाग आपल्याकडे बराच काळ ढिला होता, हेही सांगितले पाहिजे. मूळ औषधाइतकेच जेनेरिक औषध रक्तात उतरते की नाही, याची एक चाचणी असते. रक्तातले प्रमाण मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांच्या हद्दीत बसले पाहिजे, आणि तेही सरासरी नुसती नव्हे, तिच्या आजूबाजूचा अंदाजाचा पट्टाच पूर्ण आत बसला पाहिजे. याचा अर्थ ‘जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी’ असा काही जण काढतात, तो साफ चुकीचा आहे. भारतात जुन्या औषधांच्या नव्या परवान्यांना ही चाचणी पूर्वी लागत नसे. २०१७ मध्ये नियम बदलून, पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या गटांसाठी ती सक्तीची झाली. ज्या भारतीय कारखान्यांतून गर्भनिरोधक गोळ्या अमेरिकेत जातात, उदाहरणार्थ इंदूरजवळच्या पीथमपूरचा ल्युपिनचा कारखाना, त्यांना तिकडची हीच कसोटी द्यावी लागते. तिकडच्या बायका आपल्याकडची जेनेरिक गोळी निर्धास्त घेतात आणि आपण तिला नाक मुरडतो, हा विनोद आम्हाला कडू वाटतो.

मग घरी बसून काय पाहता येते? पाकिटावर दोन्ही घटकांची नावे आणि मात्रा, बनवणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख. यांपैकी काही खोडलेले, पुसलेले किंवा अजिबात नसेल तर घेऊ नये. माला-एन कोणी पैसे घेऊन विकत असेल तर तिथूनही घेऊ नये. ती विक्रीसाठी नाही. आशाताईंना घरपोच पाकिटामागे एक रुपया घेण्याची सवलत २०११ च्या योजनेत दिली होती, तेवढा एक रुपया वेगळा. दुकानातून घेताना बिल मागावे. बिलावर बॅच क्रमांक असतो, आणि तक्रार करायची वेळ आलीच तर अन्न व औषध प्रशासनाला तोच लागतो.

खरा फरक एकवीस आणि अठ्ठावीसचा

माला-एन आणि ओव्हरल-एल यांचे औषध एक असले तरी पाकीट एक नाही, आणि गडबड बहुतेक इथेच होते.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या औषधाच्या आणि ७ तपकिरी, लोहाच्या. रोज एक गोळी, खंड नाही. पाकीट संपले की दुसऱ्या दिवशी नवे सुरू. तपकिरी गोळ्या चालू असताना पाळी येते. ओव्हरल-एलच्या पाकिटात फक्त २१ गोळ्या. त्या संपल्या की सात दिवस काही घ्यायचे नाही आणि आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू करायचे, पाळी चालू असो वा संपलेली.

आता समजा एखादी बहीण वर्षभर माला-एन घेत होती आणि ती संपली म्हणून ओव्हरल-एल आणली. तिला सवय रोज घेण्याची. ती २१ नंतर लगेच दुसरे पाकीट सुरू करते, पाळी येत नाही, आणि दिवस राहिले या धास्तीने सगळे बंद करते. याउलट ओव्हरल-एलवरून माला-एनवर आलेली बहीण २८ गोळ्या संपवून, जुन्या सवयीने वर सात दिवस सुट्टी घेते. तपकिरी गोळ्यांत संप्रेरक नसतेच, त्यामुळे तिची सुट्टी चौदा दिवसांची होते. या चौदा दिवसांत बीज बाहेर पडते, आणि मग दोष दिला जातो सरकारी गोळीला. आम्हाला विचाराल तर ‘फुकटाची गोळी लागू पडत नाही’ या बोलण्यामागे असे हिशेब पुष्कळ असावेत.

गोळी अगदी नियमाने घेतली तर वर्षभरात हजारात तिघींना दिवस राहतात. प्रत्यक्षात जशी घेतली जाते, विसरत-चुकत, तशी घेतली तर शंभरात साधारण सात जणींना. हा फरक इतका मोठा आहे की त्यापुढे ब्रँड आणि जेनेरिक हा वाद गौण ठरतो. औषधाची एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर गोळी पुन्हा सुरू करून पुढचे सात दिवस निरोध वापरावा, आणि हे तिसऱ्या आठवड्यात झाले असेल तर तपकिरी गोळ्या किंवा सुट्टी टाळून थेट नवे पाकीट घ्यावे. तपकिरी गोळी विसरली तर काही बिघडत नाही, पण ती फेकूही नये. आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांना लोहाची गरज असतेच.

एका गोळीवरून त्याच सूत्राच्या दुसऱ्या गोळीवर जाताना मध्ये अंतर पडू न देणे, एवढेच पथ्य. पहिल्या पाकिटातली शेवटची औषधाची गोळी कोणती ते ओळखा आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली औषधाची गोळी घ्या. हा सर्वांत सोपा रस्ता. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा थोडे डाग दिसतील, घाबरायचे नाही. सूत्र वेगळे असेल तर दोन-तीन महिने अधूनमधून डाग दिसू शकतात. असे डाग हैज समजायचे की इस्तिहाजा, नमाजचे काय, हा प्रश्न पडणारच. तो आलिमांना किंवा आलिमा बाजींना विचारताना ‘गोळी चालू आहे’ हे आवर्जून सांगावे.

आणि एखादे पाकीट मानवले असेल तर ते उगाच बदलू नये. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये याच प्रश्नावर मत दिले होते: एखादीला तिच्या अनुभवावरून अमुकच पाकीट हवे असेल, मग ते ब्रँडचे असो वा जेनेरिक, तर तिचे म्हणणे मानावे. आम्हाला ते पटते. दर महिन्याला वेगळा रंग, वेगळी मांडणी हातात आली की चूक होते.

कोणी घेऊ नये

हा भाग ब्रँडला तितकाच लागू आहे जितका जेनेरिकला, त्यामुळे महाग गोळी आणली म्हणून इथे सुटका नाही. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजणाऱ्या आईने, रक्तदाब वाढलेल्या बाईने, पूर्वी शिरेत गाठ झालेलीने, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणारीने, स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाने आणि पस्तिशीनंतर सिगारेट-बिडी ओढणारीने संयुक्त गोळी घेऊ नये. ज्यांना शंका असेल त्यांनी गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात, मेयो किंवा मेडिकलमध्ये, नाहीतर जवळच्या केंद्रात आधी रक्तदाब मोजून घ्यावा. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तो आजार असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय गोळी सुरू करू नये.

टीबीचे औषध चालू असलेल्या घरांनी हे नीट वाचावे. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने संयुक्त गोळीचा असर कमी होतो. फिटच्या काही औषधांनीही तसेच होते. गोळी कितीही नावाजलेली असो, तेवढ्या काळात दुसरा उपाय लागतो.

गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, अचानक दिसेनासे झाले किंवा असह्य डोके दुखले, तर गोळी थांबवून तडक रुग्णालय गाठायचे. सकाळची वाट पाहायची नाही.

दुकानदाराला काय म्हणायचे

डॉक्टरने चिठ्ठीवर ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर दुकानदाराला कायद्याने त्याऐवजी दुसरे पाकीट देता येत नाही, आतले औषध तेच असले तरी. त्यामुळे स्वस्त गोळी हवी असेल तर बोलायची जागा काउंटर नव्हे, डॉक्टरचे टेबल आहे. ‘डॉक्टर, घटकाचे नाव लिहून द्या’ एवढेच म्हणावे. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावे, असा सक्तीचा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. त्यामुळे मागितल्याशिवाय ते नाव मिळेलच असे नाही.

घटकाचे नाव हातात असेल तर जनऔषधी केंद्रात विचारता येते, गंजीपेठेच्या दवा बाजारात विचारता येते, आरोग्य केंद्रात तर ते फुकटच आहे. एक सावधगिरी: साध्या मेडिकलमध्ये ‘जेनेरिक’ म्हणून मिळणारे प्रत्येक पाकीट स्वस्त असेलच असे नाही. काहींवर छापील किंमत ब्रँडइतकीच असते आणि मधला फायदा दुकानदाराचा असतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी राष्ट्रीय यादीत असल्याने तिच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे; यादीबाहेरच्या नव्या सूत्रांवर तशी नाही. दर तिथे का चढे असतात त्याचे एक कारण हेही आहे.

आरोग्य केंद्रातला साठा कधी कधी संपतो. म्हणून एका वेळी दोन-तीन महिन्यांची पाकिटे मागून ठेवावीत आणि संपलीच तर कोणते पाकीट चालेल ते आधीच लिहून ठेवावे. शौहरच्या मोबाइलमध्ये पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो ठेवला तर सर्वांत बरे. नाव सांगण्याची लाजही वाचते आणि ‘एल’च्या जागी ‘जी’ येत नाही.

रमजानमध्ये दिवसा गोळी घेता येणार नाही. ज्या दुपारी घेतात त्यांनी महिना सुरू होताना ती सहरीला आणावी. काही तास आधी घेतली तर चालते, उशीर करण्यापेक्षा ते बरे. रात्री इशानंतर घेण्याची सवय असेल तर काहीच बदलायला नको.

आणि पाकिटे ठेवायची कुठे, हेही घरात ठरवावे. नवतपात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छताखालची फळी, गॅसजवळचे कपाट, गाडीची डिकी या जागा नकोत. कूलरच्या खोलीत, पण पाण्याचे तुषार पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी, बंद डब्यात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत. तपकिरी लोहाच्या गोळ्या लहान मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात आणि त्या जास्त पोटात गेल्या तर मुलाच्या जिवावर बेतू शकते.